शेवटच्या पेल्यातली साखर

१

राजनंदिनीने घोट तोंडात घेतला, जिभेवरून सावकाश फिरवला आणि बादलीत थुंकला. थुंकणं हा तिच्या धंद्याचाच भाग होता, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पण आजचं थुंकणं धंद्याचं नव्हतं. तिला शिसारी आली होती.

"साखर," ती म्हणाली. "कुणीतरी यात साखर घातलीय. आणि घालताना हातही आखडता घेतलेला नाही."

केदारखेड्याबाहेरच्या त्या फार्महाऊसच्या ओसरीवर बसलेले चारही पुरुष गप्प झाले. सकाळपासून त्यांची बडबड ऐकून तिचं डोकं उठलं होतं, त्यामुळे निदान एवढं तरी बरं झालं.

राजनंदिनी पुण्याच्या एका हॉटेल कंपनीसाठी वाइन निवडायची. तिने मान डोलावली की ती वाइन बड्या बड्या टेबलांवर जायची आणि तिने नाक मुरडलं की बनवणाऱ्याचं वर्ष मातीत. शहागडच्या हायवेवर ट्रकांची धूळ खात लहानाची मोठी झालेली ही बाई आता जगाकडे नाकाच्या शेंड्यावरून बघायची, आणि त्याची तिला अजिबात खंत नव्हती.

समोर बसलेल्यांत पहिला अक्षत, फार्महाऊसचा मालक. जालन्याच्या जुन्या मारवाडी व्यापाऱ्याचा मुलगा. याने हौसेने छोटी वायनरी बांधली होती आणि स्वतः मात्र वाइनचा थेंब घेत नव्हता. "आईला वचन दिलंय मॅडम, मी फक्त वास घेतो," असं त्याने अभिमानाने सांगितलं होतं. पोहता न येणाऱ्याने तलाव बांधून काठावर बसावं, तसला हा प्रकार.

दुसरे भुजंगराव. जालन्यातल्या वाइन क्लबचे स्वयंघोषित अध्यक्ष. यांची स्वतःची एक गोड लाल वाइन बाजारात होती. राजनंदिनीच्या मते ती खोकल्यावर चालली असती.

तिसरा अंगद. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात माळ, चेहऱ्यावर गावाचं भलं करण्याची घाई. तो सरपंचपदाला उभा होता.

आणि चौथा अंगदचा धाकटा भाऊ कल्याण. द्राक्षं त्याची, वाइन त्याची. कॅबर्ने सॉव्हिन्यॉ जातीची काळी द्राक्षं, जोडीला थोडी शिराझ. हिवाळ्यात राजनंदिनीने हीच वाइन पिंपातून चाखली होती आणि चक्क दुसऱ्यांदा मागून घेतली होती. पिकलेली जांभळं, तंबाखूचं वाळलेलं पान, आणि घशाशी रेंगाळणारा, पण कुठेही न टोचणारा तुरटपणा. गोडवा नावालाही नाही.

"मी साखर घातली न्हाई, म्याडम," कल्याण म्हणाला.

"मग काय झाडालाच लागली होती? हिवाळ्यात मला चांगला माल चाखवलास आणि बाटल्यांत भेसळीचा भरलास. याला चोरी म्हणतात, कल्याण. आणि ती करणाऱ्याला चोर."

अंगदने दुःखाने मान हलवली आणि खिशातून फोन काढला.

"मंग ठरल्याप्रमाणं होऊ द्या," तो म्हणाला. "जेसीबीवाल्याला सांगतो. उद्या सकाळी बाग काढायची."

२

दोघा भावांत ठरलं होतं ते असं. राजनंदिनीने वाइन घेतली तर द्राक्षबाग राहील. तिने नाकारली तर वेली उपटून तिथे मोसंबी लागेल. जमीन दोघांची सामाईक, आणि चार माणसांसमोर कल्याणने शब्द दिलेला. 'दारूवाल्याचा भाऊ' म्हणून गावात टिंगल होते, असं अंगदचं गाऱ्हाणं होतं. निवडणूक तोंडावर आली होती आणि त्याला ती टिंगल फार झोंबत होती.

कल्याणने ती बाग आठ वर्षं पोटच्या पोरासारखी वाढवली होती. तो आता खांबाला टेकून उभा होता आणि कुणाकडेच बघत नव्हता.

राजनंदिनीने बॅग आवरायला घेतली. पण हात चालेना. दया आली म्हणून नव्हे. तसल्या गोष्टींचा तिला सराव नव्हता. तिला त्या घोटाचा राग येत होता. साखरेच्या खाली हिवाळ्यातली ती जांभळं जशीच्या तशी होती. गोडवा त्यांच्यात मुरलेला नव्हता, वरून ओतल्यासारखा पडला होता. बाटलीत भरताना साखर घातली असती तर आत फसफसून बूच तरी उडालं असतं, निदान वाइन जिभेला चुरचुरली असती. तसलं काही नव्हतं.

"खोक्यातली दुसरी बाटली आण," ती म्हणाली.

कल्याणने आणली. तिने स्वतः सील कापलं, बूच काढलं, स्वतःच्या पेटीतल्या स्वच्छ पेल्यात ओतली आणि चाखली.

वाइन कोरडी होती, ठणठणीत कोरडी, गोडव्याचा लवलेशही नसलेली, आणि हिवाळ्यापेक्षा किती तरी सुंदर. तिने सवयीने बादली जवळ ओढली आणि मग घोट गिळून टाकला. वर्षानुवर्षांत तिने असं केलं नव्हतं.

"यात साखर नाही," ती म्हणाली.

"म्हंजे एक बाटली खरी अन् एक खोटी," अंगद लगेच म्हणाला. "असल्या मालाचा भरोसा काय, म्याडम? हाटेलात गिऱ्हाईक शिव्या देईल."

"पहिल्या बाटलीचं सीलही मीच कापलं होतं," राजनंदिनी म्हणाली. "ते कारखान्यातून आलं तसंच होतं. पेले माझे, मीच पुसलेले. त्यामुळे साखर बाटलीतून आलेली नाही. ती इथे, या ओसरीवर घातली गेलीय. तुमच्यापैकी कुणीतरी घातलीय."

तिने चौघांवरून नजर फिरवली. एवढं साधं काम यांच्यापैकी एकालाही नीट जमेल, असं तिला वाटत नव्हतं. तरी एकाला जमलं होतं.

३

तिने भुजंगरावांपासून सुरुवात केली, कारण त्यांच्या तोंडाकडे बघून तिला सर्वांत जास्त चीड येत होती.

"तुमची गोड वाइन खपत नाही," ती म्हणाली. "कल्याणची खपली तर तुमची आणखी पडून राहील. बरोबर?"

"म्याडम, असं बोलू नका," भुजंगराव दुखावले. "मी कशाला साखर घालू? उलट मला तर ही कडू जहर लागली. तोंड असं आवळून आलं. मी तव्हाच म्हणालो बी, थोडी गोड पाहिजे व्हती."

म्हणाले होते खरे. तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. ज्या माणसाला पाकासारखी वाइन कडू लागते, त्याच्या जिभेला कातडं म्हणायचं की तळवा, एवढाच प्रश्न होता.

"तुम्ही काठोकाठ पेला घेतलात आणि ताकासारखा संपवलात," ती म्हणाली. "तुमच्या मताला मी मत म्हणत नाही."

मग अक्षत. वायनरी त्याची, झारी त्याची, ओतणाराही तोच.

झारीचं असं झालं होतं. वाइन ओतून थोडी हवा खाऊ द्यायची म्हणून राजनंदिनीने काचेचं भांडं आणलं होतं. भोकरदनच्या अलीकडच्या खड्ड्यात ते फुटलं. तेव्हा अक्षतने मोठ्या दिमाखात फडताळातून आपल्या आईची चांदीची झारी काढली होती. आईला कळू देऊ नका, अशी गळही घातली होती. पोट मोठं, गळा अरुंद, चोच बगळ्याची. असल्या भांड्यात कॅबर्ने ओतायची म्हणजे तिच्या लेखी पापच होतं, पण दुसरं भांडं नव्हतं.

"मी का घालीन मॅडम?" अक्षत म्हणाला. "कल्याणभाऊची वाइन उठली तर माझीच वायनरी चालेल ना. बिलकुल नुकसान माझं आहे. मला फक्त वास आला. वेलचीचा. मस्त वेलचीचा वास."

"कॅबर्नेला वेलचीचा वास येत नाही," राजनंदिनी म्हणाली. "कुठे वाचलंस ते?"

"वाचलं नाही. आला."

"आता नाकही उसनं आणलंस का?"

अक्षत लाल झाला.

अंगद स्वतःहूनच पुढे झाला. "मी माळकरी माणूस. मी तर पेल्याला शिवलोपण न्हाई. घरचं माणूस म्हणून बसलो व्हतो. आता भाऊच असा निघाला त्याला मी काय करू?"

"तुम्ही काहीच केलं नाहीत?"

"काहीच न्हाई. गप बसलो व्हतो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. जेसीबीवाला निघाला होता. सकाळची वाट न बघता आज संध्याकाळीच एक-दोन ओळी काढून ठेवतो म्हणत होता.

४

कल्याण बागेकडे निघून गेला. अंगद त्याच्यामागून गेला. भुजंगरावांना डुलकी लागली होती.

राजनंदिनी टेबलापाशी उभी राहिली. झारी मधोमध चकाकत होती. तिने ती उचलून उलटी केली. पाण्याचे दोन थेंब पडले.

"ही कुणी धुतली?" तिने अक्षतला विचारलं.

"अंगदभाऊंनी. तुम्ही साखर म्हणालात, तेवढ्यात आत नेऊन विसळून आणली त्यांनी. पेले पण नेत होते, पण तुम्ही ओरडलात ना, माझ्या पेल्यांना हात लावायचा नाही म्हणून."

जेवल्यावर स्वतःचं ताट बाजूला सरकवायलाही ज्याला बायको लागत असेल, असा तो माणूस. राजनंदिनीने टेबलाकडे नीट बघितलं. पेले ओळीत होते. भुजंगरावांचा रिकामा. त्याशेजारी कल्याणचा, तसाच भरलेला. निकाल लागेपर्यंत त्याच्या घशाखाली काही उतरणार नव्हतं. मग अक्षतचा, तोही भरलेला, नुसता हुंगलेला. आणि शेवटी तिचा.

ओतले गेले होते ते याच क्रमाने; तिला शेवटी द्या, असं अंगदने सुचवलं होतं.

तिने भुजंगरावांच्या पेल्याच्या तळाशी राहिलेला थेंब बोटाने टिपून जिभेवर ठेवला. कोरडा. कडू जहर म्हणाले होते ते.

कल्याणच्या पेल्यातला घोट घेतला. गोडव्याची नुसती चाहूल.

अक्षतच्या पेल्यात गोडवा सरळ समोर आला, आणि त्याच्या मागून अगदी स्पष्ट, कुटलेल्या वेलचीचा वास.

आणि तिचा स्वतःचा पेला म्हणजे निव्वळ पाक.

राजनंदिनी खुर्चीत बसली. दोन मूर्खांनी तिला तासाभरापूर्वीच सगळं सांगून टाकलं होतं. एक म्हणाला कडू, एक म्हणाला वेलची. दोघंही खरं बोलले होते. तिची जीभही खरी होती. तिघांच्या साक्षी एकत्र ठेवल्या असत्या तर सरबत करणाऱ्या कुठल्याही बाईने उत्तर दिलं असतं. साखर खाली बसते. वरचा पेला सपक आणि तळाचा गोड. साखर पेल्यात पडली नव्हती, बाटलीत नव्हती, ओतताना कुणी टाकली नव्हती. वाइन ओतायच्या आधीपासूनच ती झारीच्या बुडाशी होती.

पण चांदीच्या झारीत वेलची घातलेली साखर कोण ठेवतं?

"अक्षत," ती म्हणाली, "ही झारी आज फडताळात येण्याआधी कुठे होती?"

"अंगदभाऊंकडे. त्यांच्या नातवाचं बारसं होतं काल. सरबत द्यायला नेली होती. आज सकाळी त्यांनीच आणून फडताळात ठेवली."

५

अंगदचं घर गावाच्या तोंडालाच होतं. त्याची बायको सुरेखा दारात पाहुण्यांची उष्टी भांडी घासत बसली होती. राजनंदिनीला पाहून तिने हात धुतले, पदर सावरला आणि काही न विचारता चहा टाकला. राजनंदिनीला असल्या आगतस्वागताचा कंटाळा होता. ती घाईत आहे म्हणाली.

"मंग यात घेऊन जा," सुरेखा म्हणाली आणि राजनंदिनीच्या हातातला, प्रवासात चहासाठी ठेवलेला रिकामा थर्मास तिने जवळजवळ हिसकावूनच घेतला. झाकण उघडून तो विसळला. पण तेवढ्यात डब्यातलं दूध फाटलेलं निघालं. सुरेखा ओशाळली.

"राहू द्या," राजनंदिनी म्हणाली. "द्या इकडे तो."

सुरेखाने थर्मास पुढे केला आणि परत मागे घेतला. कोनाड्यातल्या डब्यात हात घालून तिने मूठभर साखर काढली, थर्मासात टाकली आणि मगच तो राजनंदिनीच्या हातात दिला.

"हे काय?"

"रिकामं कसं द्यावं, ताई? लोकाचं भांडं."

राजनंदिनी बघत राहिली. शहागडला तिची आई हेच करायची. शेजारणीचं पातेलं परत जाताना त्यात चार दाणे, चिमूटभर साखर, काहीतरी असायचंच. पुण्यात कुणी कुणाचं भांडं नेत नव्हतं, म्हणून ती हे पार विसरली होती.

"अक्षतची झारी पण अशीच दिली?"

"तर! बारशाची झारी ती. साखरेत वेलची कुटून घातली चांगली. झारी वल्लीच व्हती, साखर बुडाला चिकटून बसली असंल. यांना बजावून सांगितलं व्हतं, आत साखर हाय, अक्षतच्या आईला सांगा काढून घ्या म्हणून." सुरेखा हसली. "का हो? मुंग्या लागल्या का?"

दुपारची एक गोष्ट तिला आठवली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. झारीत वाइन ओतण्याआधी तिने विसळायला पाणी मागितलं होतं. तेव्हा अंगद म्हणाला होता, "पाणी कशाला? घरच्यांनी घासून धाडलीय. आत थेंब राह्यला तर वाइन फिकी पडंल." आणि तिला वाटलं होतं, चला, या ठोंब्याला एक तरी गोष्ट कळते.

बाहेर रस्त्यावरून जेसीबी खडखडत बागेकडे गेला.

६

ती बागेपाशी पोचली तेव्हा जेसीबी पहिल्या ओळीच्या तोंडाशी उभा होता. कल्याण वेलींच्या आणि यंत्राच्या मध्ये उभा होता. तो अडवत नव्हता. त्याला बाजूला व्हायचं सुचत नव्हतं, एवढंच. अक्षत आणि भुजंगरावही आले होते, आणि जेसीबीच्या आवाजाने निम्मं गाव जमलं होतं. सुरेखा राजनंदिनीच्या मागोमाग चालत आली होती, काय झालंय ते न कळून.

"बंद कर ते," राजनंदिनी ड्रायव्हरवर ओरडली. मग अंगदकडे वळली. "साखर कुणी घातली ते कळलं. तुमच्या बायकोने घातली. चांगल्या रीतीने, चांगल्या मनाने, बारशाच्या झारीत. तुम्हाला ते माहीत होतं. अक्षतने झारी काढली तेव्हा तुम्हाला बोलता आलं असतं. मी विसळायला पाणी मागितलं, तेव्हा तुम्ही ते मला घेऊ दिलं नाहीत. मग म्हणालात, म्याडमला शेवटी द्या, खालचा माल दाट असतो. सरबत तुम्हीही ढवळलेलं आहे आयुष्यात. तळाचा पेला कसा लागतो ते तुम्हाला ठाऊक होतं. आणि मी साखर म्हणताच झारी विसळून आणलीत."

"मी काय केलं?" अंगद म्हणाला. "मी हात लावला का वाइनीला? साखर हिनं घातली. मी गप बसलो. गप बसणं गुन्हा हाय का?"

"नाही. गुन्ह्याला थोडी तरी हिंमत लागते," राजनंदिनी म्हणाली. "तुमच्याकडे तीही नाही. भाऊ डोळ्यांसमोर बुडत होता आणि तुम्ही माळ ओढत बसलात. आता अंगावर आलं तर बायकोला पुढे करता. लोक तुम्हाला मतं देतीलही. लोकांचं काही सांगता येत नाही."

सुरेखाने नवऱ्याकडे बघितलं. तिला आता सगळं समजलं होतं.

"माझ्या हातची साखर," ती म्हणाली. "लोकाचं भांडं रितं जाऊ न्हाई म्हणून घातल्याली. तिनं तुम्ही भाऊजींची बाग काढाया निघालात?"

अंगदने तोंड उघडलं, पण सुरेखा थांबली नाही. ती सरळ पुढे गेली आणि जेसीबीच्या पात्याला टेकून पहिल्या वेलीसमोर बसली. "जा म्हणा आता याला घरी," ती म्हणाली. अंगदने एकदा तिच्याकडे, एकदा जमलेल्या गावाकडे बघितलं. शेवटी त्याने ड्रायव्हरला हाताने खूण केली. यंत्र मागे सरकलं.

"कंपनी ही वाइन घेईल," राजनंदिनी कल्याणला म्हणाली. "सगळी. इतकी चांगली कॅबर्ने मी या देशात क्वचितच चाखलीय." एवढी स्तुती तिने आजवर कुणाचीच केली नव्हती, आणि आता कल्याण काहीतरी भरून येऊन बोलेल, अशी तिची अपेक्षा होती.

"घ्या, म्याडम," कल्याण म्हणाला. "पर पुढच्या साली चाखायला दुसरं कोणी धाडा."

"का?"

"दादा गप बसला. ते मी आन् तो बघून घेऊ. पर भुजंगराव कडू म्हणाले, अक्षतभाऊ वेलची म्हणाले, ते तुम्ही कोणाचंच ऐकलं न्हाई. मी न्हाई म्हणालो, ते बी न्हाई. चार माणसांत चोर म्हणून मोकळ्या झाल्या. दुसरी बाटली मागाया तुम्हाला किती वेळ लागला असता? आधी मागायची ना."

राजनंदिनीने आधारासाठी बाकीच्यांकडे बघितलं. भुजंगरावांनी खाली बघितलं, अक्षतने दुसरीकडे. कुणीही तिच्या बाजूने बोललं नाही, आणि बोलावं असं तिने कुणाशी वागलेलंही नव्हतं.

तिने गाडी काढली. राजूर मागे पडल्यावर तिने रस्त्याकडेला गाडी थांबवून पुण्याला फोन लावला. वाइन उत्तम आहे, सगळी घ्या, असं सांगितलं. पुढच्या वर्षी मात्र इकडे दुसऱ्या कुणाला पाठवा, म्हणाली.

"का? काही झालं का तिथे?" पलीकडून साहेबांनी विचारलं.

तिच्या तोंडावर एक तिखट उत्तर आलं होतं, गावाबद्दल, तिथल्या माणसांबद्दल. ते तिने गिळलं.

"मी एका माणसाला सगळ्यांसमोर चोर म्हटलं," ती म्हणाली. "तो चोर नव्हता."